नैवेद्याआधीचं ताट

मु. चिंचखेड, पो. धाड, जि. बुलढाणा
१२ मार्च २०२६

प्रिय संजीवनीस,

सुवार्ताचा सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही खामगावात बरे असाल असं धरून चालते. निवृत्ती भाऊजी दर नाताळला त्यांच्या भावाला फोन करतात तेव्हा 'सगळे मजेत' एवढंच सांगतात. त्यांच्या मागून भांडी घासल्याचा आवाज येतो, त्यावरून तू घरात आहेस हे मला कळतं.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. हल्ली पत्र कोण लिहितं? पण फोनवर माझं कसं होतं ते तुला ठाऊक आहे. समोरचा 'हं' म्हणेपर्यंत माझी तीन वाक्यं बोलून झालेली असतात आणि त्यातली दोन भांडणाची असतात. सासूबाई म्हणायच्या, हिचं नाव सुवार्ता ठेवणाऱ्याने हिचं तोंड उघडलेलं पाहिलं नव्हतं. लिहिताना निदान हात थांबतो. आपण एका घरातल्या दोन जावा, आणि अकरा वर्षांत हे माझं पहिलं पत्र. लांबलं तर वाचून घे.

इकडची खबर अशी की वाळवणं सुरू झाली आहेत. मागच्या पंधरवड्यात कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि गच्चीवर साड्या अंथरून सोऱ्याने घालत बसले. शेजारच्या अन्नपूर्णाबाई मदतीला आल्या होत्या. मदत म्हणजे खुर्चीत बसून चुका काढणं. त्यांनी आता ऐंशी गाठली, डोळ्यांना कमी दिसतं, पण चीक शिजला की कच्चा आहे ते वासावरून सांगतात. तुझी आठवण काढत होत्या. काय बोलल्या ते सावकाश कधीतरी सांगेन.

चर्चवरचे पत्रे बदलले. पावसात उपदेश ऐकू येत नव्हता, आता येतो, त्यामुळे काहींची गैरसोय झाली आहे. नवे पाळक आले आहेत, ऋत्विक त्यांचं नाव. वयाने लहान, चष्मा लावतात, वीस मिनिटांत उपदेश संपवतात. बायका त्यांच्यावर खूश आहेत, कारण घरी येईपर्यंत भाताला टाकलेलं आधण आटत नाही. आमचे हे अजून कमिटीवर आहेतच. पंचवीस वर्षं झाली, खुर्चीचा एक पाय मोडला तरी ते उठले नाहीत.

आता मुद्द्याचं बोलते. प्रभुभोजनाच्या भाकरीची अडचण झाली आहे.

तू गेल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारची भाकर मी एकटीच करते आहे. सासूबाईंनी ती आपल्या दोघींच्या हाती दिली होती, एक महिना माझा आणि एक तुझा. त्यांचे नियम तुला पाठ असतील, तरी लिहिते, कारण इथे आता ते कोणाला सांगायला कोणी उरलं नाही. गहू बन्सीच हवेत. निवडायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे. गिरणीवर सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, म्हणजे आपल्या पिठात कोणाची ज्वारी मिसळत नाही. मीठ नाही, तेल नाही. मळताना बोलायचं नाही. आणि शेवटचा नियम त्या दर वेळी उंबऱ्यात उभ्या राहून सांगायच्या, "मळतानी मनात कोनाबद्दल काही आलं, तं हात धुवा अन् बाहेर जा. भाकर दुसरी कोनी करीन."

तर १ मार्चच्या आदल्या दिवशी माझ्या हाताला चमक भरली. मळता येईना. यांना म्हटलं, धाडला जाताच आहात तर बेकरीतून साधा पाव आणा. हे घेऊन आले गोड पाव, वर लाल-हिरवी टुटीफ्रुटी. म्हणे साधा संपला होता. रविवारी सकाळी पाळकांची बायको वेदीमागे बसून एकेक दाणा नखाने उकरून काढत होती. तरी दोन-चार आत राहिलेच. पाळकांनी प्रार्थना करून पाव मोडला, तेव्हा मधून एक हिरवा तुकडा टपकन कापडावर पडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आपल्या सासूबाईंच्या, भिमाबाईंच्या घरची भाकर चुकली असं या गावात कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून जो तो विचारतो, ईस्टरला काय? यंदा ईस्टर पाच एप्रिलला आहे, महिन्याचा पहिला रविवारही तोच. बुलढाण्याला कामाला गेलेली आपली घरंही त्या दिवशी येतात. पावावर भागवायचं तर माणसं वर्षभर बोलतील.

मला वाटतं, तू यावंस. शनिवारी ये, भाकर कर, रविवारी उपासना करून जा. तुझ्या हातची भाकर मऊ व्हायची, पाळकांच्या बोटांत सहज मोडायची. माझी मोडताना त्यांना दोन्ही कोपरं लावावी लागतात, हे मी आता कबूल करते.

मागचं मनात धरू नकोस. तेव्हा मला विचारलं गेलं आणि मी सांगितलं. खोटं तर नव्हतं ना? त्या वर्षी तू अन्नपूर्णाबाईंच्या घरचं महालक्ष्मीचं जेवण जेवली होतीस, आणि त्याच्याच आधीच्या रविवारी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी नैवेद्याचं अन्न खाऊ नये म्हणून बजावलं होतं. माझ्या जागी दुसरी कोणी असती तरी तिने तेच केलं असतं. कमिटीने तुला सहा महिने भाकरीपासून आणि प्रभुभोजनापासून लांब ठेवलं. सहा महिने म्हणजे काय, बघता बघता निघून जातात. तुम्ही मात्र महिन्याभरात खामगाव गाठलंत. भाऊजींना कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं हे निमित्त झालं, असं मी लोकांना सांगते.

तर विचार कर. भाऊजींना नमस्कार.

कळावे,
तुझी थोरली जाऊ
सुवार्ता


चिंचखेड
२४ मार्च २०२६

संजीवनी,

वरचं पत्र मी पाठवलं नव्हतं. बारा दिवस ते पिठाच्या डब्यामागे पडून होतं. डबा काढला की दिसायचं, आणि मी डबा पुन्हा पुढे सरकवायची. काल फाडायला घेतलं आणि थांबले. ठरवलं की तेही सोबत पाठवायचं, म्हणजे मी किती लबाड लिहू शकते ते तुला माझ्याच अक्षरात वाचता येईल. आता गहू निवडावे तसे त्यातले खडे काढते.

पहिला खडा. माझ्या हाताला चमक भरली नव्हती. हात ठणठणीत आहे, त्याच हाताने त्या दिवशी दोन हंडे पाणी भरलं. मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि तुझं तोंड समोर आलं. नेहमीच येतं. अकरा वर्षं दर महिन्याला येतं, आणि मी दात आवळून मळत राहते. सासूबाईंचा नियम मी एवढ्या वेळा मोडला आहे. पण त्या शनिवारी मळता येईना. मी हात धुतले, ओलं पीठ गाईला घातलं आणि मागच्या दारी जाऊन बसले. हे आले तेव्हा त्यांना चमक सांगितली.

त्या शनिवारीच का, तेही सांगते. आदल्या दिवशी, शुक्रवारी, कुरडया घालताना अन्नपूर्णाबाई काय बोलल्या ते मी तुझ्यापासून राखून ठेवलं होतं.

त्या सहज बोलत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. म्हणाल्या, "संजीवनीले माह्या हातची आंबील लय आवडे. महालक्ष्म्या बसल्या का मी अजूनबी तुमचं ताट काढून ठेवते, मंग ध्यानात येते, ते तं खामगावले गेली अन् तू तं येतच नाही." मी म्हटलं, नैवेद्याचं आम्हाला चालत नाही, अन्नपूर्णाबाई. त्यावर त्या थांबल्या. मला वाटलं रागावल्या. पण त्यांना नवल वाटलं होतं. "नैवेद्याचं कुठं? तुह्या सासूनं तुले सांगतलं नाही का? माहा अन् भिमाबाईचा करार होता. तुमचं ताट आधी काढाचं, पदराखाली झाकून ठेवाचं, मंग देवीले नैवेद्य. चाळीस वर्सांत एक डाव चुकली नाही मी. भिमाबाई गेली त्या सालीबी आधीच काढलं होतं."

माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. चीक निवला, कुरडया तुटल्या, त्यांनी त्यावरूनही मला बोलून घेतलं.

कळलं का तुला, संजीवनी? ते अन्न देवीपुढे गेलंच नव्हतं. कमिटीच्या नियमानेसुद्धा तू काही चुकली नव्हतीस. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या, ताट भाद्रपदात आलं, आणि मधल्या काळात आपल्या दोघींपैकी कोणाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. भिंतीपलीकडे जाऊन एकदा विचारायचं होतं. वीस पावलं. मी ती चालले नाही, कारण मला ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं.

दुसरा खडा. मला कोणी विचारलं नव्हतं.

मंगळवारची बायकांची सभा होती. तेव्हाच्या पाळकीणबाई तुझ्या भाकरीचं कौतुक करत होत्या. बाकीच्यांनीही संजीवनीकडून शिकून घ्या म्हणाल्या, आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या हाताखाली मी तुझ्याआधी नऊ वर्षं मळत होते. तू आलीस, दोन वेळा पाहिलंस आणि तुझी भाकर माझ्यापेक्षा चांगली झाली. तेवढंच कारण होतं. शास्त्र नाही, पाळकांचा उपदेश नाही, देवाचं भय नाही. मी म्हटलं, "तिच्या हातची भाकर खायच्या आधी, परवा तिने काय खाल्लं ते विचारा." हे वाक्य मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे. शास्त्रातली वचनं विसरते, हे विसरत नाही.

तू पीठ मळून ओल्या फडक्याखाली तासभर झाकून ठेवायचीस, म्हणून ते मऊ व्हायचं. मला हे तेव्हाही दिसत होतं. मी ते कधी केलं नाही, कारण केलं असतं तर तुझ्याकडून शिकल्यासारखं झालं असतं. अकरा वर्षं लोकांना चिवट भाकर खाऊ घातली, पण झाकण ठेवलं नाही. हसू आलं तर हस.

आता तिसरा. हा लिहायला मला बारा दिवस लागले.

ते ताट आपण दोघींनी खाल्लं होतं.

तू हे विसरली नसशील, पण मला माझ्या हाताने लिहायचं आहे. अन्नपूर्णाबाईंनी केळीच्या पानाने झाकलेलं ताट आणून ओट्यावर ठेवलं आणि गेल्या. मी म्हटलं, परत द्यावं. तू म्हणालीस, "बाई, सासूबाई तं दरसाल घेत. त्यायले आपल्याहून जास्त समजत होतं." मी एवढंच शोधत होते, दुसऱ्या कोणी तरी 'खा' म्हणावं. स्वयंपाकघराचं दार मी लावलं. दुसरं ताट काढलं नाही, घासताना कोणी पाहिलं तर, म्हणून एकाच ताटात बसलो. तू डोळे मिटून प्रार्थना केलीस, "प्रभू, हे अन्न शेजारच्या हातानं तूच धाडलं." मी डोळे मिटले नाहीत, मी दाराकडे बघत होते. पुरणपोळी तू एक खाल्लीस, मी दोन. आंबील शेवटी दोघींनी एकाच वाटीतून प्यायली. सासूबाई गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा मला भूक लागली होती, हेही सांगते. तेवढ्या वेळात तू मला माझ्या सख्ख्या बहिणीसारखी वाटली होतीस. आणि तिसऱ्या दिवशी मी ते बोलले.

कमिटीपुढे तू उभी होतीस. पाळकसाहेबांनी विचारलं, तर तू म्हणालीस, "हाव, खाल्लं." त्यांनी पुढे विचारलं, आणखी कोण होतं? मी बायकांच्या बाकावर होते. मला वाटलं आता नाव येणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं, तू खोटं बोलतेस असं. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "कोनी नाही. मी एकटीच होती." देवाच्या घरात तू खोटं बोललीस, तेवढं एकच, आणि तेही माझ्यासाठी. पुढच्या रविवारी भाकर मी केली, यांनी बाकाबाकावरून ताटली फिरवली, आणि मी तुकडा उचलला. तू दाराजवळ बसली होतीस. ताटली तुझ्यासमोरून गेली तेव्हा तू हात मांडीवर ठेवलेस. त्यानंतर एकही महिना मी प्रभुभोजन चुकवलं नाही. न घेतलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. एक मार्चला मात्र मी तुकडा न उचलता ताटली पुढे दिली. पाळकांच्या लक्षात आलं असावं.

परवा रविवारी उपासनेत साक्ष सांगायच्या वेळी मी उभी राहिले. तुला विचारून मग उभं राहावं असं आधी वाटलं होतं. मग वाटलं, बोलतानाही तुला विचारलं नव्हतं, आता फेडताना का विचारायचं? चुकलं असेल तर रागव. हे सगळं सांगितलं, ताटापासून वाटीपर्यंत. आवाज बसला होता, तरी नव्या पत्र्यांमुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

ऋत्विक पाळक चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "सहा महिने झाल्यावर संजीवनीबाईंना परत बोलवायला कोण गेलं होतं?" कमिटीची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तुळशीराम काका त्या वेळी कमिटीचे मुख्य होते, ते उठून म्हणाले, "आमाले वाटलं, ते आपून होऊन येतीन." म्हणाले आणि खाली बसले, आणि उपासना संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. म्हाताऱ्याची मला दया आली. मीही तेच स्वतःला सांगत आले होते. कमिटीचं पत्र तुला वेगळं येईल. त्याची भाषा कोरडी असेल, तिच्यावर जाऊ नकोस.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं चारचौघांत मान खाली गेली म्हणून रागावले. खूप वेळाने म्हणाले, "मले तवाच काऊन नाही सांगतलं?" मी म्हटलं, तुम्ही कमिटीवर होता, तुम्हालाच कसं सांगणार? मग म्हणाले, "त्या दिशी सांजीले वावरातून आलो तं चुलीपाशी वाटीभर आंबील उरली होती. म्या पेली." मी बघतच राहिले. "मले वाटलं तूच केली असन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही वाटलं. अन्नपूर्णाबाईच्या हातची आंबील तोंडाले समजते. ठाऊक होतं मले."

म्हणजे त्या ताटातलं तिघांनी खाल्लं होतं. एकीने बोट दाखवलं, एकाने कमिटीत तुला शिक्षा देण्यासाठी हात वर केला, आणि ती शिक्षा एकटी तू भोगलीस. माणूस चाळीस वर्षं एका छपराखाली राहतो आणि एवढी गोष्ट पोटात ठेवतो. आम्ही दोघं त्या दिवशी समोरासमोर बसून रडलो. लग्नातसुद्धा एवढं रडले नव्हते. ते तुला स्वतः लिहिणार म्हणतात, पण तुझे दीर किती लिहितात ते तुला माहीत आहे, म्हणून त्यांचंही यातच धर.

तू तिकडे चर्चला जातेस की नाही, हे मला माहीत नाही. भाऊजींना विचारायची हिंमत झाली नाही. जात नसशील तर ते माझ्याच खात्यावर आहे, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. तुझी भाकर गेली ती मी हिसकावली, पण तुझी प्रार्थनाही गेली असेल तर ती मी कुठून आणून देणार?

संजीवनी, मी तुझी क्षमा मागते. वरच्या पत्रात एवढं लिहिलं आणि हा शब्द तेवढा राहून गेला होता, बघ. क्षमा कर. नाही जमलं तर तसं कळव. तेही मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

ईस्टरचं असं आहे. बन्सी गहू निवडून, धुऊन, वाळवून ठेवले आहेत. दळलेले नाहीत. तू आलीस तर या वेळी आपण रविवारी उजाडताच गिरणीवर जाऊ, सगळ्यांच्या आधी. आणि माझ्याबद्दल तुझ्या मनात काही असलं, तर नियम तुलाही लागू आहे, तू मळू नकोस, मीही मळणार नाही. यांना पावाचं सांगून ठेवलं आहे, या वेळी नीट बघून आणा म्हणून. भाकर झाली नाही तरी ईस्टर थांबत नाही, आणि ती करण्यासाठी तू मनाविरुद्ध यावंस असं मला वाटत नाही. नुसतं यावंसं वाटलं तर नुसती ये. बाकावर माझ्याशेजारी बसायला नको वाटलं तर लांब बस.

शनिवारी दुपारी हे धाडच्या स्टँडवर बुलढाण्याच्या गाडीला थांबतील. गाडीतून तू उतरली नाहीस तर भाजी घेऊन परत येतील. एवढ्यासाठी तुला फोन करून 'येत नाही' असं सांगायचं ओझं नको.

अन्नपूर्णाबाईंना मी काल सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, माझ्या ताटावरून एवढं झालं आणि मला अकरा वर्षं कळू दिलं नाहीत. त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "ते येनार हाय का?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तर म्हणाल्या, "मी ज्वारी भिजू घालते. सण नाही, देवी नाही, नुसती आंबील. नाही आली तं तू पे."

मी ती एकटी पिणार नाही. शनिवारी स्वयंपाकघरात ताट एकच काढणार आहे, आणि या वेळी दार उघडं ठेवणार आहे.

एका ताटात जेवलेली
तुझी जाऊ,
सुवार्ता